थंडी शोधायला निघालेली रजई

मित्रांनो, मी एक रजई आहे. वापरून वापरून जुनी झाले, कापडाचा निळा रंग विटला, तरी मला पहिल्यांदा हातात घेणारा माणूस अजूनही "एवढीच?" असं विचारतोच. मला त्याचा राग येत नाही. लालबागच्या एका चाळीत राहणाऱ्या आणि आता सवड मिळाली की पाठीवर सॅक टाकून हिमालयात जाणाऱ्या दर्शनाने मला निवडलं, ते मी "एवढीच" होते म्हणूनच.

माझ्या पोटात कापूस नाही, बदकाच्या छातीवरची लव आहे. पीस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मोरपीस येईल. ही लव तशी नसते. तिला दांडी नसते. सावरीची म्हातारी वाऱ्यावर तरंगते ना, तशी ती दिसते. मला जिथे शिवलं त्या कारखान्यात भर उन्हाळ्यातसुद्धा पंखे बंद असायचे, कारण पंखा लावला की माझ्या पोटातला ऐवज थेट छताला जाऊन चिकटायचा. बायका घाम पुसत पुसत माझे कप्पे भरत होत्या. म्हणजे बघा, थंडीसाठी जन्माला आले आणि पहिली ओळख झाली ती घामाची. थंडी म्हणजे नेमकं काय असतं, हे कुतूहल तेव्हापासून माझ्या मनात बसलं.

तिथून मला पाठवलं कुठे, तर मुंबईला! तिथे मी हातच टेकले. दादरला वॉरेनचं गिर्यारोहणाच्या सामानाचं छोटं दुकान होतं. वॉरेन मूळचा गिरगावातला; गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्याने डोंगर चढणं सोडलं आणि डोंगर चढणाऱ्यांना सामान विकायला बसला. गिऱ्हाइकं यायची, मला चिमटीत धरायची, वा वा करायची आणि शेवटी जाडजूड स्लीपिंग बॅग घेऊन जायची. जाड दिसलं की माणसाला आपोआप गरम वाटतं, हे मी त्या दुकानात शिकले.

दर्शना आली ती ऑक्टोबरच्या रणरणत्या उन्हातून. परळला एका दातांच्या डॉक्टरांकडे ती काम करायची. तिने एका हातात स्लीपिंग बॅग घेतली, दुसऱ्या हातात मला, आणि डोळे मिटून उभी राहिली. भाजीवाल्याच्या तराजूसारखे तिचे हात वरखाली झाले. लहानपणी तिला न्यूमोनिया झाला होता. तेव्हापासून ओझं जड झालं की तिला धाप लागायची. तिने दात घासायच्या ब्रशची दांडीसुद्धा वजन नको म्हणून मोडून टाकली होती. सॅक हलकी झाली तरच ती हिमालयातल्या एखाद्या उंच खिंडीपर्यंत चालू शकणार होती.

"हिला पाठच नाहीये, अंकल," ती मला उलटीपालटी करत म्हणाली.

"नाहीच," वॉरेन हसला. "पायाशी पिशवी, वरती पांघरूण, बस. तुझ्या अंगाखाली पीस दाबलं गेलं तर ते काय कामाचं? मग ते वागवायचं कशाला?"

"पण ही गरम आहे, हे मला इथे कसं कळणार?"

त्या क्षणी आम्ही तिघेही घामाने निथळत होतो. खरं तर दोघे; मी नुसती बघत होते. वॉरेनने कपाळ पुसलं. "हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो गं. मी सांगतो, घेऊन जा, नाही पटली तर परत आण."

अशी मी लालबागला आले. घरात दोघीच होत्या, दर्शना आणि तिची आई सुभद्राबाई. दर्शनाचे वडील पूर्वीच वारले होते. सुभद्राबाई मूळच्या देवगडकडच्या, लग्न होऊन लालबागला आल्या, पण बोलणं मालवणीच राहिलं. त्यांनी मला पलंगावर पसरलं, खाली हात घातला, पुन्हा घातला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ह्येका खाली काय नाय गो? अर्धी रजई दिल्यानी, आणि तू घेवन इलंस?"

"आई, ती अशीच असते."

शेजारच्या आनंदीबाई मुद्दाम बघायला आल्या. त्यांनी मला कानाजवळ नेऊन हलवून पाहिलं, आणि हिच्यातलं बदक आता कुठे आहे, असं विचारलं. प्रश्न चांगला होता.

सुभद्राबाईंचं म्हणणं एका वाक्यात मावणारं होतं. रजई गरम आहे हे नक्की कळल्याशिवाय पोरीने हिमालयाचं नाव काढायचं नाही. आणि दर्शनाने शब्द दिला, की आईचं समाधान झालं नाही तर ती जाणार नाही. आता मुंबईत थंडी आणायची कुठून? दोन दिवस घरात हाच विषय चालला होता. शेवटी सुभद्राबाईंच्या धाकट्या भावाने, हितेंद्रमामाने, तोडगा काढला. तो घोडपदेवच्या बाजूला एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होता. "आमच्याकडे ये ना," तो म्हणाला. "सफरचंदं झोपतात, तू पण झोप."

मित्रांनो, ते जाड दार उघडलं आणि मला पहिल्यांदा थंडी भेटली! तिला सफरचंदांचा वास होता. ती अंगावर धावून आली नाही, नुसती चारी बाजूंनी येऊन उभी राहिली. मी आनंदाने फुगले. पण माझा आनंद टिकला नाही. दर्शना जमिनीवर गोणपाट टाकून आडवी झाली, मला पांघरलं, आणि थोड्याच वेळात तिचे दात वाजायला लागले. मी वरून जीव तोडून ऊब धरत होते आणि ती खालून फरशीत निसटत होती. ती कुडकुडत बाहेर आली. हे ऐकल्यावर सुभद्राबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी त्यांनी तांदळाच्या शेवया आणि नारळाचा गोड रस, असे शिरवाळे केले.

दर्शना मला परत करायला दादरला गेली. वॉरेनने एकच विचारलं, "खाली काय घातलं होतंस?"

"गोणपाट."

"अगं मुली!" त्याने आतून एक हवा भरायची मॅट आणून तिच्या हातात दिली. "पीस गरम नसतं. पिसात अडकलेली हवा तुझीच ऊब धरून ठेवते. जमिनीचं काम मॅटचं. ही घेऊन जा, परत बघ."

मीसुद्धा तेव्हाच ऐकलं. इतके दिवस मी समजत होते की ऊब माझी आहे!

दर्शना पुन्हा कोल्ड स्टोरेजला जायला निघाली, तेव्हा सुभद्राबाई मध्ये उभ्या राहिल्या. "थंड लागला तरी तू गरमच सांगतलंस. तुका जावचाच आसा."

"मग तू बघ झोपून," दर्शना म्हणाली. "तू सांगशील ते मी मानेन. थंड म्हणालीस तर नाही जाणार, आई. खरंच नाही जाणार."

सुभद्राबाईंनी स्वेटर चढवला, डोक्याला रुमाल बांधला आणि निघाल्या. हितेंद्रमामाने त्यांना दार आतून कसं उघडतं ते दाखवलं. दर्शना बाहेर थांबली. सुभद्राबाई मॅटवर आडव्या झाल्या, पाय माझ्या पिशवीत सरकवले आणि मला हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

आणि मग त्या माझ्याशी बोलल्या. आजवर माझ्याविषयी पुष्कळ जण बोलले होते, माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

"गरम होव नको गो," त्या हळूच म्हणाल्या. "आज गरम होव नको. माका एकच पोर आसा."

न्यूमोनियाच्या वेळची परळच्या इस्पितळातली ती खाट, पोरीच्या नाकातली नळी, आणि आपण रात्रभर तिच्या छातीकडे बघत कशा बसलो होतो, हे सगळं त्यांनी मला सांगितलं. मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी मला थंड व्हावंसं वाटलं, अगदी मनापासून. पण माझ्या हातात काय होतं? त्यांची ऊब त्यांच्या अंगातून येत राहिली आणि माझी पिसं ती धरत राहिली. आधी गुडघे मोकळे झाले, मग पाठ, मग पायांची बोटं. त्यांनी स्वेटरचं वरचं बटण काढलं. थोड्या वेळाने दुसरंही काढलं. मग मला तोंडावर ओढून त्या एकदा रडल्या.

उठल्या, मला घडी करून काखेत घेतलं आणि दाराशी आल्या. दार उघडलं मात्र नाही. त्यांनी आपले दोन्ही तळहात त्या लोखंडी दारावर टेकवले आणि तशाच उभ्या राहिल्या. आधी मला कळेना, हे काय चाललंय. मग कळलं. त्या हात थंड करत होत्या. मी तर मुकी. मी कुणाला काय सांगणार होते?

मग त्यांनी दार उघडलं. दर्शना धावत पुढे आली आणि तिने आईचे हात हातात घेतले.

"बर्फ झालेत गं हात," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला. ती रडली नाही, भांडली नाही. "ठीक आहे, आई. नाही जात. चल, मामाकडे चहा घेऊ."

सुभद्राबाई हलल्या नाहीत. लेकीच्या हातातले आपले हात त्या बघत राहिल्या. त्यांनी नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढं केलं असतं तरी पोर जन्मभर घरात राहिली असती.

"हात दाराक लावले म्हणान थंड," त्या म्हणाल्या. "मीच लावले. रजई गरम आसा."

"काय?"

"गरम आसा, म्हणतंय ना! जा तू."

आणि तिथेच, सफरचंदांच्या खोक्यांना टेकून, दोघी मायलेकी रडायला लागल्या. हितेंद्रमामा काही न कळून दार लावून घ्या, दार लावून घ्या, म्हणून ओरडत होता.

त्यानंतर मी तीन खिंडी पाहिल्या. खरी थंडी वेगळी असते. तिला वास नसतो आणि ती रात्रभर तंबूचं कापड हलवत राहते. दर्शना माझ्याखाली झोपली, उठली आणि पुढे चालली. तिला धाप लागली, पण ती थांबत थांबत चढली. आम्ही परत येईपर्यंत लालबागला सुभद्राबाईंना धड झोप लागत नसे, हे मला आनंदीबाईंच्या बोलण्यातून कळलं. पण पुढच्या खेपेलाही त्यांनी जाऊ नको म्हटलं नाही.

मित्रांनो, आता माझ्याविषयी थोडं मागणं. पिसांची रजई घेतलीत तर घरी आल्यावर तिला चिमुकल्या पिशवीत कोंबून ठेवू नका. तिची पिसं बसतात आणि मग तिला तुमची ऊब धरता येत नाही. सुभद्राबाईंनी एवढ्याशा खोलीत माझ्यासाठी कपाटाचा अख्खा वरचा कप्पा रिकामा केला. त्यांच्या ठेवणीतल्या साड्या पलंगाखाली गेल्या.

आणि एक मागणं माझ्याविषयी नाही. तुमच्या जवळच्या कुणाला लांब जायचं असेल, आणि त्याचं जाणं तुमच्या एका शब्दावर अडलेलं असेल, तर दाराशी हवा तेवढा वेळ उभे राहा. हात थंड करा, रडा. पण बाहेर आल्यावर खरं ते सांगा.