काळ्या फरशीवरचा बर्फाचा माणूस

हिंगणघाटच्या बाजारात कापडाचं दुकान कोणाचं, असं विचारलं तर लोक गल्ल्यावर बसणाऱ्या धीरजचं नाव सांगत नसत; त्याच्या आईचं, प्रमिलाबाईचं दुकान, असंच म्हणत. माल परत घ्यायचा की नाही, उधारीवाल्याला हसून बोलायचं की नुसतं पाहायचं, हे त्यांनी ठरवायचं. आपलं चुकलं असं ही बाई आजवर ना नवऱ्यापुढे म्हणाली, ना पोरापुढे. पण दिवाळीपासून त्या दुकानाची पायरी चढल्या नव्हत्या. घरी नात होती.

दिवाळीत अनाराची ठिणगी आचलच्या डाव्या डोळ्यात उडाली. नागपूरला ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. रोज थोडा वेळ चांगला डोळा झाका, दुखऱ्या डोळ्याला काम करू द्या, सोमवारी आणून दाखवा, असं डॉक्टर म्हणाले. दिसत नसलं तर पुन्हा ऑपरेशन. हे शेवटलं त्या शहाण्याने पोरीच्या समोर कशाला बोलावं? प्रमिलाबाईंनी तिथंच त्याची हजामत केली असती, पण धीरजने हात दाबला.

झालं. त्या दिवसापासून पोरीला सगळंच दिसायला लागलं.

"बाळा, दिसते ना?" आई, म्हणजे रीता, विचारायची.

"दिसते."

"किती बोटं?"

आचल काहीतरी आकडा ठोकायची. चुकला की "मी तर गंमत करत होती" म्हणून हसायची. बापाने, धीरजने, मान डोलावली, रीताने मान डोलावली. ज्याला जे हवं असतं ते ऐकू येतं. प्रमिलाबाईंनी मात्र पोरीला दुधाच्या पेल्याकडे हात नेताना पाहिलं होतं. मूठ पेल्याच्या बाजूला, हवेवर मिटली होती. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय, रीता रडत बसली असती.

रविवारी सकाळी ऊन ओसरीत आलं होतं. आचल चांगल्या डोळ्यावर फडकं बांधून भिंतीला टेकून बसली होती. एवढ्यात प्रफुलचा, म्हणजे धाकट्या पोराचा, अश्विन वरच्या मजल्यावरून मोबाइल नि कागद घेऊन धावत आला. शाळेत नाताळाचं काहीतरी होतं. बाईंनी स्नोमॅन काढून आणायला सांगितला होता.

"आजी, लय सोपा आहे. तीन गोल काढले की झाला!"

"कोन आहे हा?"

"बर्फाचा मानूस."

"आपल्या इथं? मे महिन्यात आनजो त्याले. मी पन पाहीन किती वेळ उभा राह्यते तो."

अश्विनने पेन्सिलने तीन गोल काढले. पांढऱ्या कागदावर पांढरा माणूस. प्रमिलाबाईंनी कागद हातभर लांब धरला, जवळ आणला.

"हा कोनाले दिसन बे?" त्या बोलून गेल्या नि त्यांनी जीभ चावली. आचल खाली मान घालून फ्रॉकची किनार चाळवत होती.

"मले दिसते," ती हळूच म्हणाली. तोंड कागदाकडे नव्हतंच, देव्हाऱ्याकडे होतं.

प्रमिलाबाई उठल्या. देव्हाऱ्याजवळचा रांगोळीचा डबा आणि हळदकुंकवाची कोयरी घेऊन आल्या नि काळ्या फरशीवर फतकल मारून बसल्या. "कागदाचं काम नाई हे. अश्विन, तू मोबाइलमधी पाह्यत सांगजो. आचल, तू तिथूनच पाह्य. जवळ येऊ नको, भुकटी डोळ्यात जाईन. अन अश्विन, तिच्या कानात उत्तर कुजबुजला तर आज तुले जेवाले भेटनार नाई."

"मी कधी कुजबुजलो?"

"काल. परवा. मी काय आंधळी आहे का?"

पुन्हा नको तोच शब्द. त्यांनी स्वतःलाच मनात एक शिवी हासडली नि चिमूट सोडली.

खाली मोठा गोल, त्यावर मधला, त्यावर डोकं. हात चालत होता, पण कान आचलकडे होते.

"कसा आहे गं?"

"छान आहे."

"काय छान आहे?"

"सगळं."

उद्या सोमवार. पुन्हा ते हिरवे पडदे, पुन्हा पोरीचं ते "आजी, तू येजो ना आत."

"आजी, आता डोळे," अश्विन मोबाइलमध्ये डोकं खुपसून सांगत होता. "मंग नाक. नाक गाजराचं रायते."

"गाजराचं नाक? आन हे तुमची बाई शिकवते?"

"हात काड्यांचे. मंग गळ्यात मफलर."

त्यांनी डोळे, नाक, काड्यांचे हात काढले, मफलर गुंडाळला. शेवटी कोयरी उघडली, हळदीची चिमूट, कुंकवाची चिमूट सोडली नि कमरेवर हात ठेवून उठायला लागल्या. आयुष्यभर रोज सकाळी दारात जे केलं तेच हाताने केलं. हळदकुंकू न वाहता नुसती पांढरी रांगोळी त्यांनी कधी सोडली नव्हती. ती अभद्र असते, घरात माणूस गेल्यावर काढतात. हाताला काय माहीत, खाली देव आहे की गोऱ्या साहेबाचा बर्फाचा गडी.

भिंतीकडून खुदकन आवाज आला.

"आजी! त्याच्या पोटाले कुंकू काऊन लावलं?"

प्रमिलाबाई अर्ध्यात वाकलेल्या तशाच राहिल्या. अश्विनने मोबाइलमधून मान वर केली. त्याने अजून फरशीकडे पाहिलंही नव्हतं.

"काय म्हनली?"

"पोटाले कुंकू! आन हळद! बर्फाच्या मानसाची का पूजा करतेत?" आचल आता खदखदून हसत होती. "आन नाक वाकडं काढलं तू. खाली लोंबून राह्यलं."

प्रमिलाबाईंनी पाहिलं. नाक खरंच लोंबत होतं.

"फडकं सरकलं काय गं?" त्यांनी जवळ जाऊन चांगल्या डोळ्यावरची गाठ चाचपली. घट्ट होती. "दाखव, कुठं आहे कुंकू? बोट लावून दाखव."

आचल रांगत आली. बोट हवेत थोडं थबकलं, थोडं डावीकडे गेलं, मग सावकाश खाली आलं आणि नेमकं लाल ठिपक्यावर टेकलं.

"थोडं धुक्यासारखं दिसते," ती घाबरत म्हणाली. "पन दिसते, आजी. खरंच. मंग ऑपरेशन नाई ना?"

हे मात्र खरं होतं. खोट्यात पोरगी कधी धुकं सांगत नसे.

"डॉक्टर पाहीन ते. पन आता मी ठासून सांगीन त्याले, दिसते म्हून," त्या म्हणाल्या नि पदराने नाक पुसलं. "रांगोळी नाकात गेली माझ्या. पाहून काय राह्यला बे अश्विन, काकूले बोलाव!"

रीता पिठाच्या हाताने धावत आली. "काय झालं, आई?"

"रडू नको. पोरगी पाहून राह्यली. माझं चुकलं ते तिनं पकडलं."

रीताने आधी पोरीकडे नाही, सासूकडे पाहिलं. कानांवर विश्वास बसेना. प्रमिलाबाईंनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. अश्विनला त्यांनी धीरजला फोन लावायला सांगितला नि मोबाइल त्याच्या हातातून हिसकून घेतला. दुकानात गर्दी होती, मागून गिऱ्हाइकांचा कलकलाट ऐकू येत होता.

"धीरज, ऐक," त्या एवढ्या मोठ्याने बोलल्या की शेजारच्या गच्चीवरची बाई वाकून पाहायला लागली. "मी चुकली! नाकही चुकलं, पोटही चुकलं. समद्या बाजाराले सांग, प्रमिलाबाई चुकली म्हून!"