निफाडची छाटणी

पोपटरावांनी शिडी कुंपणभिंतीला लावली आणि पलीकडे वाकून पाहिलं. ऑलिव्हची एक फांदी शेजाऱ्यांच्या बाजूला निसटली होती. तिला दोन वर्षं कात्री लागली नव्हती, आणि तिच्या जुन्या काडीवर कळ्यांचे बारीक घोस लटकले होते. भिंतीच्या अलीकडे, आखाती शहराच्या मुऐदर उपनगरातल्या या व्हिलाच्या अंगणात, सहाही झाडं नुसती हिरवीगार.

खाली सदानंद टेप धरून उभा होता.

"कारपोर्टला एवढी जागा पुरेल. वांझ झाडं पोसायची कशाला? आजच उपटू. यल्ला, चला पोपटराव."

पोपटराव निफाडचे. आठवडाभर कंपनीच्या बागा सांभाळायच्या, नजमा या कामगारवस्तीतल्या सात जणांच्या खोलीत झोपायचं आणि शुक्रवारी सुट्टीला बस बदलत इथे यायचं. सदानंद आणि नीता नाशिकचे, त्यामुळे त्यांनी डोळे मिटून यांच्या हाती कात्री दिली. द्राक्षबागेत वाढलेल्या माणसाला जगातली सगळी झाडं कळतात, हा आमच्याकडचा जुना रोग. द्राक्ष नव्या फुटीवर येतं, म्हणून जुनी काडी बेधडक छाटायची. ऑलिव्ह गेल्या वर्षीच्या काडीवर फुलतं, हे पोपटरावांना आत्ता शिडीवर कळलं.

गप्प बसले असते तर फायदाच होता. झाडं उपटायची, फरशी घालायची, वर वेल चढवायचा. वर्षभराचे शुक्रवार निघाले असते. शुक्रवार म्हणजे नीताच्या हातची भाकरी आणि दोन तास मराठी. त्या दोन तासांवर ते आठवडा काढत. पण चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही चोराच्याच हातून? त्यांना त्या झाडांची लाज वाटली. ते खाली उतरले.

"साहेब, झाडांचा दोष न्हाई. फुलणारी काडीच मी दरसाल कापत आलो."

"मग आता काय करायचं?" सदानंदने विचारलं.

"काय बी न्हाई. वर्षभर कोणी कात्री लावायची न्हाई. मी तर मुळीच न्हाई. पाणी काय, टायमरवर हायेच."

सदानंदने टेप गुंडाळली. "राहू देत मग."

"बरं झालं सांगितलंत," दारातून नीता म्हणाली आणि पानं वाढायला आत गेली. कोणी रागावलं नाही.

निघताना ती दर वेळी स्टीलच्या डब्यात रात्रीपुरतं भरून द्यायची, आणि पोपटराव तो घासूनपुसून पुढच्या शुक्रवारी परत आणायचे. आज तिने हॉटेलातून आलेला प्लॅस्टिकचा डबा पुढे केला.

"हा परत आणायची तसदी घेऊ नका हं," ती अगदी मायेनं म्हणाली.

पोपटरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला.