सिंधुच्या खुरप्याची मूठ

खंडेनवमीला घरची अवजारं धुऊन-पुसून पुजायची, हे पुनमला माहेरीच शिकवलेलं. नवी सून, उत्साह मोठा. तिनं विळे घासले, कुऱ्हाड घासली आणि सासूच्या खुरप्याची काळीमिट्ट मूठ बघून तिला वाटलं, किती हा मळ! फुटक्या काचेनं खरवडून, वरून पॉलिश पेपर मारून तिनं ती मूठ पांढरीफट्ट केली, हळदीकुंकू वाहिलं आणि हौसेनं सासऱ्याला हाक मारली.

किशनराव पूजेच्या पाटाजवळ आला आणि उभाच राहिला. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस, पण त्या दिवशी तो वाकून मुठीवरनं नुसता अंगठा फिरवत राहिला. त्याच्या बायकोला, सिंधुला, जाऊन दोन वर्षं झाली होती. तिची लुगडी वाटून टाकली, फोटो तर धड कधी काढलाच नव्हता. तिच्या हाताचं म्हणून काय उरलं होतं, तर मुठीवरचा तो काळा रंग.

"चुकलं का मामा माझं?" पुनमनं विचारलं.

"न्हाई गं. चांगलं केलंस," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

पण दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्यानं त्या मुठीचा नादच घेतला. जवसाचं तेल चोळलं, चुलीच्या धुरावर टांगून बघितली. मूठ तांबूस झाली, चिकट झाली, काळी काही होईना. शेवटी त्यानं किल्लारीच्या बाजारात सिद्धराम सुताराला गाठलं.

"बाभळीची हाय ना? मग सोपंय," सिद्धराम म्हणाला. "मडक्यात गंजके खिळे, गूळ अन पाणी घालून झाकून ठेवा. वास मारायला लागलं की ते पाणी मुठीला लावा."

दिवाळी झाल्यावर किशनरावानं ते पाणी लावलं. बघता बघता मूठ काळी कुळकुळीत झाली. पुनमचा जीव भांड्यात पडला. "मामा, झाली की पहिल्यावाणी!"

त्यानं मूठ हातात धरून बघितली. काळी होती खरी, पण सगळीकडून सारखी, दुकानातल्या छत्रीच्या दांड्यागत. सिंधुची मूठ अंगठ्याखाली गडद होती, करंगळीकडं फिक्कट. ती मूठ हातानं काळी झाली होती, आणि हाताशिवाय व्हायची नव्हती.

सकाळी खुरपं घेऊन तो हरभऱ्यात गेला. बाया रांगेनं खुरपत होत्या. गावात खुरपायला पुरुष बसत नाहीत. बायांनी पदर तोंडाला लावले.

"भावजी, कंबर धरंल," शेजारची पार्वतीबाई म्हणाली. ती नि सिंधु जन्मभर जोडीनं खुरपायला जायच्या.

"धरू दे. मला कोणती पात?"

पार्वतीबाईचं हसू ओसरलं. तिनं कडेच्या ओळीकडं बोट केलं. "ती घ्या. सिंधुची हाय. कडेची पात ती कुणालाच द्यायची न्हाई."

"का बरं?"

"तिथनं गावाची वाट दिसते. तुमी निघालाव की तिला लांबूनच दिसायचं. मग म्हणायची, आलं बाई आमचं माणूस."

किशनराव बसला. घरात दोघांचं बोलणं म्हणजे म्हशीची पेंड, विहिरीचं पाणी आणि लेकाचं लग्न.

"मला कदी बोलली न्हाई," तो म्हणाला.

"असं कुनी बोलतंय का भावजी?"

त्यानं खुरपं मातीत घातलं. थोडं पुढं सरकला, मग मान वर करून त्यानं वाट पाहिली. पार मारुतीच्या देवळापर्यंत उघडी दिसत होती. वाटेवर कुणी नव्हतं. आयुष्यभर "अगं ए" म्हणून हाक मारली, पण आता त्यानं कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू नाव घेतलं.

"सिंधु, मी हितं बसलोय गं. आता तू ये."