दाबून धरायचं बटण

पडद्याच्या डाव्या कडेला एकोणीस बटणं आहेत. त्यांतल्या सहांच्या कोपऱ्यात मोहरीएवढा त्रिकोण आहे. त्रिकोणाचं बटण दाबून धरलं, की त्याच्यामागे लपलेली बटणं उघडतात. मित्रांनो, मी त्या लपलेल्यांपैकी एक जुनं बटण आहे. फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये माझा जन्म झाला. फोटोचा जेवढा भाग सावलीत बुडाला, तेवढाच मी उजळतो. बाकीच्याला हात लावत नाही.

पहिल्या आवृत्तीत मी समोरच होतो. भद्रावतीच्या बसस्टँडजवळ फ्लेक्सचं दुकान आहे, तिथे तेव्हा अमर बसायचा. मांडवातल्या अंधारातून मी नवरदेव काढून द्यायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, "वा भाऊ, आता दिसला आमचा पोट्टा!" कौतुक अमरचं व्हायचं, मला तेवढं पुरे होतं.

मग नवी आवृत्ती आली. पडदा मोकळा दिसावा म्हणून मला 'उजेड' नावाच्या बटणामागे ठेवलं. अमर दुकान सोडून गेला. त्याच्या जागी आलेल्या निकेशला माझं दार कोणी दाखवलं नाही.

परवा आशाबाई आल्या, सोबत धाकटा दीर इस्तारी. नवऱ्याच्या तेरवीचा फ्लेक्स हवा होता. नवरा मुखरू तलावात मासे धरायचा. त्याचा फोटो एकच, मोबाइलमधला, भर उन्हात जाळं झटकतानाचा. डोक्यावरच्या दुपट्ट्याची सावली चेहऱ्यावर पडलेली.

"बाबू, तोंड दिसलं पायजे. लोक हात कोणाले जोडतीन?"

निकेशने उजेड वाढवला. पाणी पांढरं झालं, जाळं पांढरं झालं, चेहरा नुसता राखाडी.

"बाई, फोटोच खराब हाय. मी काय करू?"

"अजून पाय ना रे."

त्याच्या माऊसचा बाण 'उजेड'वर, माझ्या दारावर येऊन थांबला. मित्रांनो, त्या सावलीत मुखरूचा चेहरा शाबूत होता. डोळे, नाक, मिशी, मला सगळं दिसत होतं. बोट श्वासभर दाबून धरायचं, एवढंच होतं. निकेशने नेहमीसारखी टिचकी मारली. जाळं पुरतं नाहीसं झालं.

इस्तारी खाकरला. "वैनी, माहा फोटो काढू द्या. दोघं भाऊ सारखेच दिसतो म्हणतात लोक."

"जित्या माणसाच्या फोटोले हार घालू काऊन, भाऊजी?"

"मग कोणाले घालान?"

आशाबाईंनी इस्तारीचा चेहरा निरखला. म्हणाल्या, "तुमच्या गालावर तीळ हाय."

"तीळ मी काढून टाकतो, बाई," निकेश म्हणाला. "त्याचं बटण हाय माह्यापाशी."

मित्रांनो, मोठेपणी तुम्हीही काही बनवाल. ते नीटनेटकं जरूर ठेवा, पण कामाची वस्तू नवख्याच्याही हाताला लागेल अशी ठेवा. मला बनवणाऱ्यांपर्यंत माझा आवाज पोचत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

फ्लेक्स तीन फूट बाय दोन फूट छापून झाला. नाव मुखरूचं, चेहरा इस्तारीचा.