बाइंडरच्या यकृतातली पहारेकरीण

बोलतेय ती मी, एक मारक पेशी. पुस्तकं बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या बाइंडरच्या रक्तात माझी नोकरी आहे. नाव ऐकून दचकू नका. आमचं बारसं कुणीतरी रागाच्या भरात केलं असावं. खरं तर मी साधी पहारेकरीण.

हाडाच्या पोकळीतल्या मगजात माझा जन्म झाला. आयुष्य जेमतेम पंधरवड्याचं. म्हणून मी 'मी' म्हणते तेव्हा याच गस्तीवर माझ्याआधी खपलेल्या सगळ्या जणी त्यात धरा.

आमची कामं दोन. शरीरातली प्रत्येक पेशी दारावर ओळखीची खूण लावते. जिची खूण दिसेनाशी झाली, तिच्यात कुणीतरी घुसलंय असं समजून विषाचे कण सोडायचे. दुसरं काम हाक मारायचं. त्या हाकेने शेजारणी सावध होतात आणि पेशी न मारताही विषाणू हटतो. मारणं सोपं असतं, हाकेला अक्कल लागते.

बाइंडर तरुण असताना तापाची साथ आली. कंपाउंडर एकाच सुईने रांगेतल्या सगळ्यांना टोचत गेला. सुई उकळायला वेळ नव्हता म्हणे. त्या सुईवरून हिपॅटायटिस सीचा विषाणू आत शिरला आणि यकृतात बिऱ्हाड थाटून बसला. कंपाउंडरला कुणी जाब विचारला नाही. उतारवयात आजार उघडकीला आला तेव्हा मात्र शेजारपाजार कुजबुजला, "घेत असणार लपूनछपून." या माणसाने चहापेक्षा कडक काही घेतलेलं नाही. मी त्याच्या रक्तात राहते, मला विचारा.

हा विषाणू लबाड. खुणा जागच्या जागी ठेवून आत दडतो. वर्षानुवर्षं झुंजून आमचा आवाज बसला आणि हात सैल सुटला. हाक निघेना, विष तेवढं निघत राहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, तशा यकृतातल्या धडधाकट पेशी आमच्या हातून गेल्या आणि त्यांच्या जागी व्रण धरले.

बाहेर बाइंडरही पहाराच देत होता. त्याने ताट वेगळं केलं, कप वेगळा केला. जेवायला कोपऱ्यातल्या स्टुलावर. नात धावत आली की हात पाठीमागे.

"आबा माझ्यावर रागावलेत?" तिने आईला विचारलं.

"आबांना शहाणपणाचा झटका आलाय," बाइंडरची मुलगी म्हणाली. "बाबा, घ्या की तिला जरा."

"लांबच बरी गं ती."

आणि हीच बापलेक दिवसभर एका बाकावर, एकाच टोकदार आरीने फर्म्यांच्या, म्हणजे घडी घातलेल्या छापील कागदांच्या, कण्यात शिवणीसाठी भोकं पाडत. आरी निसटायची, बोटात घुसायची. रक्त फडक्याला पुसायचं आणि आरी पुढे करायची, "घे, तुझी पाळी."

यकृताच्या डॉक्टरीणबाई जिभेने तिखट होत्या.

"ताट वेगळं? कशासाठी?"

"पोरीला लागू नये म्हणून."

"अहो, ताटातून नाही लागत हा, कुशीत घेऊनही नाही. हा रक्तातून जातो. तुमचं दाढीचं ब्लेड कुणी वापरतं?"

"छे."

सोबत आलेली मुलगी आपली बोटं निरखत होती. "आरी," ती हळूच म्हणाली.

बाइंडरचं काळीज असं धडधडलं की आम्ही भिंतीवर आपटलो. मुलीचं रक्त तपासायला गेलं. निकाल येईतो तो बाकावर नुसता बसून राहिला. खळ वाळून गेली.

"तुझं ताट जपलं गं मी," तो म्हणाला, "आणि आरी..."

"दोन्ही ताटं मीच तर घासत होते बाबा. आता गप्प बसा आणि तो पुठ्ठा द्या इकडे."

निकालाचा फोन तिनेच घेतला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून बाइंडर उठून उभा राहिला.

"नाहीये मला," ती म्हणाली आणि मग रडली.

दुसऱ्या दिवशी बाकावर दोन आऱ्या आल्या. बाइंडरच्या गोळ्या सुरू झाल्या, तीन महिने चालल्या. विषाणू गेला. आमचा हात आवरला, आवाजही बराचसा परतला. सगळे व्रण भरणार नाहीत. ते आम्हाला कळतं, त्यालाही कळतं.

माझा पंधरवडा सरत आलाय. जाता जाता तुम्हाला भांडून सांगते. आजाऱ्याच्या चारित्र्याची चौकशी करण्याआधी सुईची चौकशी करा. अशा रांगेत तुम्हीही कधी दंड पुढे केला असेल, तर रक्त तपासून घ्या. आम्ही आतून जीव तोडून लढतो, पण बातमी बाहेर पोचवणं आमच्या हातात नाही.

आत्ता मी बाइंडरच्या मांडीतून चाललेय. वरून कुणीतरी चांगलंच भार देऊन बसलंय, पाय हलवतंय, त्याच्या ताटातलं उचलून खातंय. वाट दबून अरुंद झालीय. बाइंडरच्या पायाला मुंग्या आल्यात, तरी तो हलत नाही. मलाही घाई नाही.