ढगाच्या पोटातलं जहाज

नलिनीबाईंनी सकाळी देवापुढे निरांजन लावलं ते एका जहाजासाठी. "मिळेल हो तुमचं जहाज," त्या म्हणाल्या. दिगंबर परचुरे बुटाच्या नाड्या बांधता बांधता नुसतेच 'हं' म्हणाले. कलकत्त्याच्या हवामान कचेरीत येऊन इतकी वर्षं लोटली होती, की पुण्याला परत बदली मागायचाही त्यांना आता कंटाळा आला होता.

भानगड अशी होती. बंगालच्या उपसागरावर वादळ उठलेलं उपग्रहाच्या छायाचित्रात परवाच दिसलं होतं. पांढराशुभ्र ढग चकलीसारखा वळलेला. परचुऱ्यांनी लगेच इशारा दिला आणि सगळी जहाजं शहाण्यासारखी लांब पळाली. मग तिथं वारा किती, हवेचा दाब किती, हे कळवणार कोण? दिल्लीच्या संगणकाला आकडे लागत, छायाचित्र त्याच्या घशाखाली उतरत नसे. आकडेच नाहीत म्हटल्यावर त्याच्या गणितात समुद्र अगदी शांत होता.

"मागच्या महिन्यात तुमच्या फोटोवर विसंबून इशारा दिला," कचेरीचे प्रमुख सेनगुप्तासाहेब काल म्हणाले होते, "आणि साधी झुळूकसुद्धा आली नाही. कोळी रिकामे बसले, वर्तमानपत्रांनी आपली सालटी काढली. उद्या संध्याकाळपर्यंत एका तरी जहाजाचा निरोप दाखवा. नाहीतर इशारा मागे घेतो."

इशारा मागे घेतला की किनाऱ्यावरच्या होड्या पहाटे समुद्रात जाणार. 

बेहालाच्या घरून बसला लोंबकळत ते कचेरीत पोचले आणि दिवसभर टेलिप्रिंटरपाशी घुटमळत राहिले. निरोप येत होते, पण सगळे लांबच्या निवांत पाण्यावरचे. नवं छायाचित्र आलं, त्यात चकली आणखी घट्ट झाली होती. डबा तसाच राहिला. एक जहाज, देवा, फक्त एक, असं त्यांचं आपलं चाललं होतं.

साहेब छत्री घेऊन निघायच्या बेतात असताना टेलिप्रिंटर खडखडला. परचुऱ्यांनी कागद जवळजवळ ओरबाडलाच. थेट ढगाच्या पोटातलं जहाज! दाब पार कोसळलेला, वारा पिसाळलेला. "मिळालं!" ते असे ओरडले की शेजारच्या टेबलावरचा चहा सांडला.

साहेबांनी निरोपातले आकडे पाहिले आणि चक्क पाठ थोपटली. इशारा कायम राहिला. आकडे दिल्लीला रवाना झाले. आता संगणकाच्या समुद्रातही वादळ उठणार होतं.

टेलिप्रिंटर सांभाळणारे म्हातारे हालदारबाबू मात्र तो कागद धरून तसेच उभे होते. "त्यांचं इंजिन बंद पडलंय, परचुरेबाबू," ते हळूच म्हणाले. "खाली लिहिलंय. म्हणून पळता आलं नाही."

ती शेवटची ओळ परचुऱ्यांनी वाचलीच नव्हती. मघाची आपली आरोळी आठवून त्यांना स्वतःचीच शिसारी आली. बंदराला कळवायचं ते त्यांनी कळवलं, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही.

घरी दार उघडता उघडताच नलिनीबाईंनी विचारलं, "मिळालं का हो?"

"मिळालं."

"बघा! मी म्हटलं नव्हतं? थांबा, आधी देवापुढे साखर ठेवते."

"साखर नको." परचुरे बूट न काढताच उंबऱ्यात बसले. "निरांजनात तेवढं तूप घाल. आज विझू देऊ नकोस."

"अहो, पण काम झालं ना?"

"आपलं झालं," ते म्हणाले. "माणसं अजून तिथंच आहेत."