फिट माणूस

“थोडासा है, साहब. चल जाता है,” डॉक्टरांनी कंबरदुखीचं विचारताच चंपतराव म्हणाले आणि खुर्चीत आणखी ताठ बसले.

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोच्या, सत्यशीलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी हाच माणूस भिंत धरधरून न्हाणीघरात गेला होता. बूट त्यांनी घालून दिले, नाड्याही त्यांनीच बांधल्या. दुर्गला येताना ऑटो खड्ड्यात गेली की “माय वो” म्हणून कण्हत होता. आणि डॉक्टरसमोर म्हणे थोडासा!

गेल्या खेपेलाही तेच. फार दुखत असेल तर कंबरेत नसेजवळ सुई देऊ, त्यानं नाही भागलं तर ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले होते. यांनी थोडासा म्हटलं आणि त्याच गोळ्या घेऊन घरी आले. दुखणं होतं तिथेच राहिलं, पोट तेवढं बिघडलं.

दोष एकट्या त्यांचा नव्हता म्हणा. भिलाईच्या रोलिंग मिलमध्ये सारी उमर गेली. मेडिकल तपासणीला तिथली माणसं हे एकच उत्तर ठरवून जायची. दुखतं म्हटलं की अनफिटचा शेरा, आणि मिल सुटली. नोकरी संपून वर्षं झाली तरी ती भीती काही गेली नव्हती.

“अजी, खरं सांगा न डॉक्टरले,” त्या कुजबुजल्या. “रातभर कोन कण्हून राह्यते मंग?”

“तू चूप बस. मले समजते.”

डॉक्टरांनी गोळ्या लिहायला पेन उचललं, मग थांबले. “एक बार लेट जाइए, बाबूजी. जूते उतार के.”

चंपतरावांनी सवयीने पाय पुढे केला. एरवी सत्यशीलाबाई झटकन वाकायच्या. आज त्यांनी हाताची घडी घातली आणि कॅलेंडरकडे बघत बसल्या.

चंपतराव स्वतः वाकले. नाडी कशीबशी सुटली, पण बूट निघेना. कपाळाला घाम फुटला, ते मोठ्याने ओरडले आणि तसेच अर्धे वाकलेले अडकून राहिले. डॉक्टर धावले.

बुधवारी सुई द्यायचं ठरलं.

बाहेर येऊन चंपतराव बाकावर टेकले. “अनफिट करून टाकलं न तुनं मले,” ते म्हणाले. डोळे भरले होते.

“हो, टाकलं! मले नाई पाह्यवत आता.” बोलून झाल्यावर सत्यशीलाबाईंनाच भडभडून आलं. सुटलेली नाडी बांधायला त्या खाली वाकल्या.

चंपतरावांनी पाय मागे घेतला. मग उठले आणि भिंतीला हात न लावता दाराकडे चालू लागले. नाडी फरशीवरून घासत होती. सत्यशीलाबाई तिच्यावर नजर ठेवून मागे मागे चालत राहिल्या.